आधी खोली लावा, मग सवय लागेल

वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं: "ठरवतो, पण होत नाही." मनाचा निर्धार कसा वाढवावा, असं बहुतेकांनी विचारलं आहे. उत्तरांत निर्धाराविषयी फार थोडं सापडेल. वस्तू कुठे ठेवली आहे, हाताला किती जवळ आहे, कामाला बसताना पहिली हालचाल कोणती करावी लागते, यावर आमचा भर आहे. निर्धार दिवसागणिक कमीजास्त होतो. भिंतीत ठोकलेली खुंटी तिथेच राहते. माणसाचं वागणं तो स्वतः आणि त्याचा भोवताल या दोहोंवर मिळून ठरतं, असं सूत्र मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९३६ मध्येच मांडलं होतं. त्यातला भोवताल बदलणं त्यातल्या त्यात सोपं, अगदी दहा बाय दहाच्या खोलीतही.

प्रश्न: राज्यसेवेची तयारी करतो. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत चौघं. अभ्यासिकेतून साडेनऊला परत येतो. जेवून कॉटवर बसून वाचायचं ठरवतो. अर्ध्या तासात आडवा होतो, मोबाइल हातात येतो आणि एक-दीड वाजतो. सकाळी उठवत नाही. खोली बदलणं परवडणार नाही.
स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे

उत्तर: खोली राहू द्या, कॉटवरची कामं कमी करा. सहा बाय तीनच्या एका गादीवर तुम्ही वाचता, व्हिडिओ पाहता आणि झोपता. आता काय करायचं आहे हे शरीर जागेवरून ओळखतं. एकाच जागी तीन कामं केली की वाचताना पेंग येते आणि झोपताना डोकं जागं राहतं. निद्रानाशासाठी रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेली पद्धत आजही वापरात आहे, ती याच तत्त्वावर उभी आहे: अंथरूण फक्त झोपेसाठी.

म्हणून रात्रीचं वाचन जमिनीवर. चटई टाका आणि २८ ते ३० सेंटीमीटर उंचीचं बैठं डेस्क घ्या. मांडी घातल्यावर कोपर साधारण त्याच्या पातळीला यायला हवं. पाठ भिंतीला, कमरेमागे दुमडलेली चादर. चाळीसेक मिनिटांनी उठायचंच, नाहीतर पायाला मुंग्या येतात आणि त्या निमित्ताने माणूस कॉटवर जातो. तेवढा वेळ गादी गुंडाळलेली असू द्या. उघड्या फळीवर सहसा कोणी लवंडत नाही. गादी जड कापसाची असेल, गुंडाळता येत नसेल, तर उशीच्या जागी सॅक आणि पुस्तकांचा गठ्ठा ठेवा. झोपायच्या वेळी तो हलवायचा, आधी नाही.

उजेडाचं गणित साधं आहे. खोलीतली ट्यूब इतरांनी बंद केली की तुमचं वाचन संपतं, म्हणून चिमट्याचा ५ ते ७ वॅटचा एलईडी दिवा स्वतःचा हवा. रंग ४००० केल्विनचा (हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा), पानापासून उंची ४० ते ४५ सेंटीमीटर, उजव्या हाताने लिहीत असाल तर उजेड डावीकडून. बल्ब थेट डोळ्यांत येत असेल तर दिवा खाली वळवा. शेजारच्या कॉटवरची तक्रारही तिथेच मिटते. झोपण्याआधी पाऊण तास २७०० ते ३००० केल्विनचा पिवळा उजेड बरा. निळसर उजेडाने मेलॅटोनिन हे रात्रीचं संप्रेरक दबतं, हे खरं आहे. पण मोबाइलने झोप जाते ती मुख्यतः उजेडामुळे नव्हे, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो म्हणून, असं आमचं मत आहे. स्क्रीन पिवळी करून घेतली आणि बघणं तसंच चालू ठेवलं, तर फारसं काही साधत नाही.

तेव्हा मोबाइल. तो पालथा घालून डेस्कवर ठेवणं म्हणजे दूर ठेवणं नव्हे. दाराजवळच्या पॉइंटला चार्जिंगला लावा, निदान तीन मीटरवर, उठल्याशिवाय हाती येणार नाही असा. इथे तीन ठिकाणी गळती होते आणि तिन्ही आधीच बुजवावी लागते. पहिली गजराची: "गजर लावायचाय" म्हणून फोन उशाशी येतो. दोन-तीनशे रुपयांचं गजराचं घड्याळ घ्या आणि तेही हाताच्या अंतरावर नको. दुसरी घरच्या फोनची: "व्यत्यय नको" या सेटिंगमध्ये आईवडिलांचे नंबर तेवढे वाजतील अशी सोय असते, ती करून ठेवा. तिसरी सगळ्यांत मोठी. चालू घडामोडींच्या पीडीएफ फोनवरच असतात, आणि पीडीएफ उघडायला गेलेला माणूस तासाने परत येतो. रात्री वाचायच्या पानांची झेरॉक्स दिवसाच काढून आणा. वाचताना शंका आली तर लगेच शोधू नका. "शोधायचं" अशी एक छोटी वही ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठरावीक अर्ध्या तासात सगळ्या शंका एकदम पाहा. यातल्या निम्म्या शंका तोवर आपोआप सुटलेल्या असतात.

अंथरुणावर पडल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून चटईवर बसा, काहीतरी रुक्ष वाचा, डोळे जड झाले की परत जा. घड्याळ पाहायचं नाही. उठण्याची वेळ रविवारीही तीच. पहिला आठवडा-दोन आठवडे दिवसा जास्त थकवा जाणवेल, कारण झोप उशिरा लागेल आणि उठायचं मात्र ठरल्या वेळी. इथेच बहुतेकजण सोडून देतात. तीन महिन्यांहून अधिक काळ आठवड्यातून तीन रात्री असंच होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

खोलीतल्या चौघांत नियम करायचे तर दोनच करा: साडेदहानंतर फोनवर बोलणं गॅलरीत आणि अकरानंतर मोठी ट्यूब बंद. दहा नियमांचा कागद दाराला चिकटवला तर आठवडाभरात कोणी बघत नाही.

अभ्यासिकेविषयी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगायलाच हवी. ठरलेली खुर्ची बसायची सवय लावायला उत्तम. उजळणी मात्र दुसऱ्या जागीही करा. स्मिथ, ग्लेनबर्ग आणि ब्यॉर्क यांनी १९७८ मध्ये प्रयोग केला होता: शब्दांची एकच यादी काहींनी एकाच खोलीत दोनदा वाचली, काहींनी दोन वेगळ्या खोल्यांत एकेकदा. तिसऱ्याच खोलीत चाचणी घेतली तेव्हा दोन खोल्यांत वाचलेल्यांना जास्त आठवलं. तुमचं परीक्षा केंद्रही अनोळखीच असणार. म्हणून एक उजळणी अभ्यासिकेत, एक एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचन कक्षात, आणि सराव परीक्षा खऱ्या परीक्षेच्याच वेळेला, साध्या लाकडी बाकावर, दोन तास न उठता.

प्रश्न: वन बीएचकेत आम्ही पाचजण. मुलगी नववीत. सासूबाईंच्या मालिका सात ते दहा. मुलगी दिवाणावर पुस्तक घेऊन बसते, पण कान हॉलमध्ये. सासूबाईंना टीव्ही बंद करायला सांगणं मला पटत नाही.
गृहिणी, डोंबिवली

उत्तर: तुमचं बरोबर आहे. दिवसभर घरात असणाऱ्या माणसाचे ते तीन तास काढून घेऊ नका. मुलीला मात्र तिची अशी दीड-दोन फुटांची जागा मिळायला हवी.

बेडरूमच्या भिंतीला घडीचं टेबल लावून घ्या. ६० बाय ४५ सेंटीमीटरची, १८ मिलिमीटर जाडीची प्लायची फळी आणि घडीच्या ब्रॅकेटची जोडी पुरते. उंची जमिनीपासून ७२ ते ७५ सेंटीमीटर. तेवढ्या उंचीला खुर्ची मोठ्या माणसाची लागते आणि मग मुलीचे पाय लोंबकळतात. घरातला पाट पायाखाली द्या, पावलं सपाट टेकली पाहिजेत. सुतार येईल तेव्हा भिंत विटांची आहे की हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची, हे आधी सांगा. ब्लॉकच्या भिंतीत नेहमीचा रावलप्लग महिन्या-दोन महिन्यांत सैल होतो आणि टेबल एका बाजूने लोंबतं. तिथे ब्लॉकसाठीचे वेगळे प्लग मिळतात, तेच वापरायला सांगा. टेबल अशा भिंतीला हवं की मुलीची पाठ हॉलच्या दाराकडे येईल, तोंड नाही.

अशी टेबलं बिघडतात ती एकाच कारणाने: त्यावर इस्त्रीचे कपडे, पाण्याच्या बाटल्या, औषधं साठतात आणि अभ्यासाला बसायचं म्हणजे आधी दहा मिनिटं आवराआवर. अभ्यास झाला की टेबल मिटलंच पाहिजे, एवढा एक नियम धरा. मिटलेल्या टेबलावर काही ठेवता येत नाही. वह्या, कंपास, उद्याचं दप्तर एका टोपलीत, टेबलाखाली.

आवाज पूर्ण थांबणार नाही. दाराखालची फट गुंडाळलेल्या टॉवेलने बंद करा, दारावर आतून जाड पडदा किंवा जुनी गोधडी टांगा. संवाद कळेनासे झाले तरी पुष्कळ आहे, कारण लक्ष खेचतात ते समजणारे शब्द. आणि कामांची वाटणी बदला. नकाशे, आकृत्या, वही पूर्ण करणं मालिकांच्या वेळात. गणित आणि पाठांतर पहाटे साडेपाच ते सात. झोप मात्र साडेनऊ-दहाला हवी, नाहीतर पहाट ओढूनताणून होते.

शेवटचं थोडं अवघड आहे. सातच्या पुढे मोठ्यांचेही फोन एका टोपलीत, चपलांच्या कपाटावर. बाबांना ऑफिसचं काम म्हणून सूट, आईला व्हॉट्सॲप ग्रुप म्हणून सूट, अशा सुटी निघाल्या की मुलीला ती शिक्षा वाटते आणि दोनच दिवसांत टोपली रिकामी राहते. सूट हवीच असेल तर वेळेची ठेवा, माणसाची नको: आठ ते सव्वाआठ सगळ्यांनी फोन पाहावेत.

प्रश्न: लग्नाआधी आठ वर्षं गाणं शिकले. आता मुलं मोठी झाली, रियाज पुन्हा सुरू करायचा आहे. तंबोरा कपाटावर गवसणीत आहे. दर सोमवारी ठरवते, गुरुवारपर्यंत मोडतं.
वाचक, फोंडा, गोवा

उत्तर: रियाजाआधी स्टूल आणायचं, तंबोरा उतरवायचा, गवसणी काढायची, पुसायचा, जुळवायचा. वीस मिनिटं इथेच गेली, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. सोमवारचा उत्साह एवढं सगळं पार करतो, गुरुवारचा करू शकत नाही.

तंबोरा खाली आणा आणि कायमचा खालीच ठेवा. भिंतीला टेकवून उभा करू नका. भोपळा गोल असतो, घसरला की दांडी किंवा भोपळा तडकतो. जाड गोधडीच्या घडीवर कुशीवर आडवा ठेवा, नाहीतर पट्टा असलेला स्टँड घ्या. गोव्याच्या हवेत पोलादी तारा पावसाळ्यात लवकर गंजतात, तेव्हा वाजवून झालं की कोरड्या मलमलीने तारांखालून-वरून हात फिरवायचा आणि एक जादा संच घरात ठेवायचा. बाहेरच्या ओल्या भिंतीपासून दूर, आणि जूनपासून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये मुळीच नको. आत दमट हवा कोंडून भोपळ्याला बुरशी धरते, सुती कापड पुरे. इतकी वर्षं पडून असलेला तंबोरा एकदा कारागिराला दाखवा, जवारी, म्हणजे तारांना गुंज देणारी घोडीची घासणी, बहुधा बसवावी लागेल.

तरीही रोज तंबोरा जुळवून मगच गायचं, असा आग्रह पहिल्या तीन महिन्यांत धरू नका. हे काही गुरुजनांना आवडणार नाही याची कल्पना आहे, आणि जुळवता जुळवता कान तयार होतो हेही खरं. पण तुटलेली सवय सांधताना पहिला सूर लवकर लागणं महत्त्वाचं. सोमवार ते शनिवार इलेक्ट्रॉनिक तंबोरा, तुमच्या पट्टीत लावून ठेवलेला, प्लग भिंतीत, बटण दाबलं की सुरू. रविवारी खरा तंबोरा, निवांत. फोनवरचं ॲप टाळा. षड्ज लावताना वरून निरोप टपकत राहतात.

आसन घातलेलंच असू द्या. वेळ घड्याळावर न ठरवता रोज न चुकणाऱ्या कामाला जोडा: "देवापाशी दिवा लावला की तिथून थेट आसनावर." अमुक झालं की तमुक करायचं, असं नेमकं ठरवणाऱ्यांच्या हातून काम होण्याची शक्यता बरीच वाढते, हे पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलं आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसलं. पहिले दोन आठवडे निदान दहा मिनिटं, फक्त खर्ज आणि षड्ज. अर्धा तास गावंसं वाटलं तरी वीसला थांबा. इतक्या वर्षांनी आवाजावर एकदम ताण नको.

खोली निवडताना फरशी आणि चारही भिंती उघड्या असलेली जागा नको. तिथे आवाज घुमतो, आपलाच सूर गोड वाटतो आणि कणसूर झालेलं कळत नाही. पडदे, पुस्तकांचं कपाट, अंथरलेली सतरंजी असलेल्या खोलीत, समोरच्या भिंतीपासून मीटरभर अंतरावर बसा. पडद्यांनी घुमणं कमी होतं, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज थांबत नाही. त्यासाठी खिडकी बंद करावी लागते.

दिवस चुकला तर? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी १२ आठवडे पाहिल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ आणि कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. एकवीस दिवसांत सवय लागते, हे सर्रास सांगितलं जातं, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी निराश होऊ नका. गुरुवार चुकला तर शुक्रवारी बसा, पुढच्या सोमवारची वाट पाहायची नाही.

प्रश्न: वय ६७. साखर काठावर आहे. टीव्हीसमोर फरसाणाचा डबा संपतो. पावसाळ्यात फिरणं बंद पडतं ते दिवाळीपर्यंत.
निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: डबा वरच्या फळीवर ठेवा, असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. तुमच्या वयाला तो धोक्याचा आहे; स्टुलावर चढून पडण्यापेक्षा फरसाण परवडलं. किलोऐवजी शंभर ग्रॅमची पुडी आणा आणि ती ओट्याखालच्या मागच्या कप्प्यात, न दिसणाऱ्या स्टीलच्या डब्यात ठेवा. टीव्हीजवळ काचेच्या बरणीत फुटाणे, फ्रीजमध्ये डोळ्यांसमोरच्या कप्प्यात चिरलेली काकडी. काकडी अख्खी असेल तर कोणी उठून चिरत नाही. फुटाणेही वाटीत काढून घ्या, बरणीतून थेट नको.

जेवताना पातेली टेबलावर आणू नका, ओट्यावरून वाढून घ्या. दुसऱ्या वाढीला उठावं लागलं की भूक आहे की सवय, हे कळतं. लहान ताटात कमी जेवलं जातं, असंही बरंच ऐकू येतं. त्यामागच्या संशोधनावर आता फार भरवसा ठेवता येत नाही. तो विचार लोकप्रिय करणाऱ्या अमेरिकी संशोधकाचे अनेक निबंध नंतर मागे घेतले गेले. ताटाच्या आकारापेक्षा पातेल्याचं अंतर पाहा. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर खाण्यात मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच.

फिरण्याचे बूट दाराशी, आत मोजे, शेजारी छत्री. मुसळधार पावसाच्या दिवसासाठी घरातली जागा जूनमध्येच ठरवा: हॉल ते गॅलरी दहा पावलं, दहा मिनिटं. वाटेतली सरकणारी पायपुसणी उचला. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या भक्कम खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा, थोडं थांबून आणखी दहा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर जाड उशी टाकून उंची वाढवा. ही खुर्ची टीव्हीच्या समोरच असू द्या आणि बातम्या सुरू झाल्या की उठबशा सुरू करा.

प्रश्न: वीस वर्षं तंबाखू मळतो. सोडतो, पण पारावर गेलो की सुरू.
शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर: जागेचा जोर किती असतो, याचं ठळक उदाहरण व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचं आहे. १९७० च्या दशकात ली रॉबिन्स यांनी पाहणी केली, तेव्हा तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी पहिल्या वर्षात मायदेशी पुन्हा व्यसनात अडकलेले सुमारे ५ टक्केच निघाले. युद्ध, सोबती, सहज मिळणारं हेरॉइन, सगळंच मागे राहिलं होतं. तुम्हाला गाव सोडता येणार नाही, म्हणून गावातल्या गावात जागा बदला. चंची, चुन्याची डबी, खिशातली पुडी, ट्रॅक्टरच्या पेटीतली आणि गोठ्यातल्या कोनाड्यातली, सगळी एकाच दिवशी काढा. एक राहिली तरी तीच सापडते. सदऱ्याच्या त्याच खिशात लवंग, बडीशेप ठेवा, कारण हात सवयीने तिथेच जातो. सुपारी नको, तिनेही तोंडाचा कर्करोग होतो.

पारावर पहिला महिना जाऊ नका. कामापुरतं गेलात तर मळणाऱ्याच्या शेजारी न बसता उभे राहा, आणि "मला देऊ नका" हे दोघा जवळच्यांना आधीच सांगून ठेवा. जो पुडी पुढे करतो, त्यालाच आधी सांगायला हवं. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यात पाणी प्या, जागेवरून हला. पहिले चार-पाच दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड होते. औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम मिळतं. ते सतत चघळायचं नसतं, थोडं चावून झणझणलं की गालात धरून ठेवायचं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवाच, पण जिथे पुडी असायची त्या कोनाड्यावर खडूनेही लिहा.